पदक हवे, पण निष्कलंक

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य अॅथलेटिक्स स्पर्धा सुरू होती. अखेरच्या दिवशी उत्तेजक द्रव्यांची चाचणी घेणारे पथक मैदानावर दाखल झाले आणि ती वार्ता पसरताच मैदान ओस पडू लागले. पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावण्यासाठी एकच खेळाडू उभा राहिला. बाकीच्यांनी प्रकृतीची, दुखापतीची कारणे पुढे केली. अडथळ्यांच्या शर्यतीतील एक कनिष्ठ गटातील धावपटू अंतिम रेषा ओलांडल्यावरही धावतच राहिली आणि चाचणी पथकातील अधिकाऱ्याला तिच्यामागे धावावे लागले, असे वृत्तपत्रांनी छापले. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात पडलेल्या सुयांची चित्रफीत तर देशभर पाहिली गेली. ज्या शर्यतीत आठ जणांनी धावायचे तेथे एकाने एकट्यानेच धावून पहिले यावे, हे दृश्य विनोदी वाटले तरी त्यावर हसता येण्याजोगी परिस्थिती नाही. पळालेली ती मुले कोणा शत्रुराष्ट्राची नव्हती. आपल्यासारख्याच घरांतून आलेली, देशासाठी खेळण्याचे स्वप्न उराशी बाळगून मैदानावर उतरलेली ती आपलीच मुले होती.

ही घटना राजधानीत घडली म्हणून उजेडात आली. जिल्हा आणि तालुका पातळीवरील असंख्य स्पर्धांना चाचणी पथक कधी जातच नाही. तेथे काय चालत असेल, याचा विचार पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी करायलाच हवा. कारण राष्ट्रीय संघात पोहोचणारा प्रत्येक खेळाडू याच पायऱ्या चढून वर जातो.

आकडे काय सांगतात?

जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्था, म्हणजे 'वाडा', दरवर्षी जगभरातील चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध करते. २०२२ साली भारतात ३,८६५ नमुने तपासण्यात आले आणि त्यांपैकी १२५ दोषी आढळले. हे प्रमाण ३.२ टक्के होते. २०२३ मध्ये ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ दोषी ठरले, प्रमाण ३.८ टक्के. २०२४ मध्ये चाचण्यांची संख्या ७,११३ वर गेली आणि २६० नमुने दोषी निघाले, प्रमाण ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये या दोषांकात भारत अग्रस्थानी राहिला. पदकतालिकेत ज्या स्थानासाठी आपण आसुसलेलो आहोत, ते स्थान आपल्याला नको त्या यादीत मिळाले आहे.

यावर सरकारी पातळीवरून एक उत्तर दिले जाते की, चाचण्या वाढल्या म्हणून सापडणारेही वाढले. त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्था अर्थात 'नाडा' २००५ साली स्थापन झाली आणि २००९ पासून तिचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. त्यापूर्वी आपल्याकडे या विषयावर स्वतंत्र यंत्रणाच नव्हती. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच नेमके गाठण्याची पद्धत अवलंबली, तर दोषींचे प्रमाणही काही अंशी वाढते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु चीनने २०२३ मध्ये अठ्ठावीस हजारांहून अधिक नमुने तपासले आणि तेथील दोषींचे प्रमाण अवघे ०.२ टक्के होते. चीनच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे कोणी म्हणणार नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकपूर्वी त्यांचे २३ जलतरणपटू चाचणीत सापडले आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातून द्रव्य अन्नात मिसळले, असा निष्कर्ष काढून चिनी यंत्रणेने त्यांना मोकळे सोडले, ही गोष्ट २०२४ मध्ये जगासमोर आली. तरीही आपल्या शंभरांतले जवळपास चार दोषी निघतात, हे सत्य शेजाऱ्याच्या खोटेपणाने पुसले जात नाही. दुसऱ्याचे घर अस्वच्छ आहे, म्हणून स्वतःच्या अंगणात केर साचू देणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या यंत्रणेची प्रतिष्ठाही मधल्या काळात पणाला लागली होती. दिल्लीतील राष्ट्रीय प्रयोगशाळेला 'वाडा'ची मान्यता २००८ साली मिळाली. पण तपासणी पद्धतीतील त्रुटींमुळे ऑगस्ट २०१९ मध्ये ती स्थगित झाली. डिसेंबर २०२१ पर्यंत भारतीय खेळाडूंचे नमुने परदेशी प्रयोगशाळांकडे पाठवावे लागले. त्याचा खर्च झाला, विलंब झाला आणि चाचण्यांची संख्याही घटली. उपग्रह स्वबळावर अवकाशात पाठविणाऱ्या देशाला मूत्राचे नमुने तपासण्यासाठी परदेशाचे दार ठोठवावे लागावे, ही नामुष्कीच होती.

नियम कठोर का आहे?

या चाचणीची पद्धत पुष्कळांना ठाऊक नसते. खेळाडूसमोर सीलबंद संच ठेवले जातात आणि त्यांतला एक तो स्वतः निवडतो. समलिंगी निरीक्षकाच्या देखत नमुना द्यावा लागतो. तो 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्यांत विभागून सीलबंद केला जातो. प्रयोगशाळेला केवळ क्रमांक कळतो. खेळाडूचे नाव कळत नाही. 'अ' नमुना दोषी आढळल्यास 'ब' नमुन्याची तपासणी मागण्याचा हक्क खेळाडूला असतो. निवडक आघाडीच्या खेळाडूंना तर दररोज एका तासासाठी आपण कोठे असू, हे आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा ते ठरल्या जागी सापडले नाहीत, तर तोही नियमभंगच ठरतो.

या व्यवस्थेचा पाया एका तत्त्वावर उभा आहे. शरीरात जे सापडले, त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसे आले, कोणी दिले, नकळत आले का, या प्रश्नांचा विचार शिक्षेची मुदत ठरविताना होतो; पण दोष सिद्ध होण्यासाठी हेतू सिद्ध व्हावा लागत नाही. स्टिरॉइडसारख्या द्रव्यांसाठी सर्वसाधारणपणे चार वर्षांची बंदी असते. हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध केले, तर ती दोन वर्षांवर येते आणि दूषित पूरक आहाराचा पुरावा दिला तर आणखी कमी होऊ शकते. नमुना देण्यास नकार देणे हाही तितकाच गंभीर गुन्हा मानला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुस्तीगीर बजरंग पुनिया याच्यावर चार वर्षांची बंदी आली, ती याच कारणाने. संचाची मुदत संपलेली होती, हा त्याचा बचाव मान्य झाला नाही.

हे तत्त्व अनेकांना अन्यायकारक वाटते. फौजदारी न्यायालयात तर आरोपीचा गुन्हा सरकारला सिद्ध करावा लागतो. मग येथे उलटा न्याय का? याचे उत्तर असे की, हेतू सिद्ध करण्याची अट घातली तर एकही खेळाडू दोषी ठरणार नाही. गोळी बंद खोलीत घेतली जाते. तिला साक्षीदार नसतो. अपराधी सुटावा आणि त्याच्या शेजारच्या मार्गिकेत प्रामाणिकपणे धावणाऱ्याचे पदक जावे, हा त्याहून मोठा अन्याय आहे. चौथ्या क्रमांकावर आलेल्या त्या प्रामाणिक खेळाडूची बाजू मांडायला कोणीच नसते. नियमाची कठोरता मुळात त्याच्यासाठी आहे.

मात्र ही कठोरता सर्वांना सारखी लागू झाली पाहिजे. मुंबईचा तरुण क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचा नमुना फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूर येथे मुश्ताक अली करंडक स्पर्धेच्या वेळी घेण्यात आला. खोकल्याच्या औषधात आढळणारे टर्ब्युटालीन हे द्रव्य त्यात सापडले. त्याला आठ महिन्यांची बंदी झाली. पण ती मार्चपासून लागू झाल्याचे जुलैअखेर जाहीर करण्यात आले. दरम्यानच्या काळात तो आयपीएलचे सामनेही खेळून चुकला होता. खोकल्याचे औषध घेतल्याची त्याची चूक निष्पाप असू शकेल. आक्षेप त्या तरुणावर नसून व्यवस्थेवर आहे. चाचणी घेणारी, न्याय देणारी आणि सामन्यांतून उत्पन्न मिळविणारी संस्था एकच होती. केंद्र शासनाने ठाम भूमिका घेतल्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये क्रिकेट मंडळाने 'नाडा'ची चौकट स्वीकारली. वर्षानुवर्षे श्रीमंत खेळाला एक न्याय आणि खेड्यातील मल्लाला दुसरा न्याय, अशी स्थिती होती. ती बदलायला एक दशक लागले.

'आपला' खेळाडू सापडतो तेव्हा

महाराष्ट्राला अद्याप विसरता न येणारे प्रकरण नरसिंग यादव याचे. सलग तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी'ची गदा जिंकणारा, राज्याच्या पोलीस दलात अधिकारी असलेला हा मल्ल २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला होता. जूनअखेर सोनीपत येथे घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथॅनडायनोन हे स्टिरॉइड आढळले. आपल्या अन्नात वा पेयात कोणी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. 'नाडा'च्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला निर्दोष ठरविले आणि महाराष्ट्राने सुटकेचा श्वास टाकला. पुढे 'वाडा'ने या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. १८ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी ठोठावली. कट झाल्याचा पुरेसा पुरावा लवादाला आढळला नाही. उलट हे द्रव्य गोळीच्या रूपाने एकाहून अधिक वेळा घेतले गेल्याची शक्यता अधिक आहे, असे त्याने नमूद केले.

नरसिंगच्या अंतःकरणातले सत्य काय, यावर निवाडा देण्याचा आपला अधिकार नाही. या प्रकरणातून समाज म्हणून आपण काय शिकलो, हा खरा प्रश्न आहे. चाचणीचा निकाल बाहेर येताच आपण दोन तटांत विभागलो गेलो. एका तटाला प्रतिस्पर्ध्याचे कारस्थान दिसले, दुसऱ्याला प्रांतिक राजकारण दिसले. रसायनशास्त्र काय सांगते, हे ऐकायला कोणी तयार नव्हते. पुढे बजरंगच्या बाबतीतही असेच झाले. त्याच्या राजकीय भूमिकेमुळे काहींना त्याच्या बंदीचा आनंद झाला, तर काहींनी तिला सूडबुद्धी म्हटले. खेळाडू आपल्या गटाचा की दुसऱ्याच्या, यावरून त्याचा दोष ठरविण्याची ही सवय घातक आहे. आपल्या माणसाला वेगळा न्याय मागणारा समाज दुसऱ्याकडून निःपक्षपाताची अपेक्षा करू शकत नाही. राष्ट्राभिमान खरा असेल, तर आपल्या झेंड्याखाली खेळणाऱ्याकडून आपण इतरांपेक्षा अधिक कठोर अपेक्षा बाळगली पाहिजे.

यंत्रणांनाही चुका होतात, हे विसरून चालणार नाही. मणिपूरची भारोत्तोलक संजिता चानू हिच्यावर २०१८ मध्ये ठपका आला. तिच्या नमुन्याच्या क्रमांकांत गोंधळ झाल्याचे उघड झाले आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाला आरोप मागे घ्यावा लागला. दोन वर्षे तिच्या आयुष्यातून वाया गेली. पुढे २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेतील नमुन्यावरून तिला नव्याने चार वर्षांची बंदी झाली, ही वेगळी गोष्ट. शिक्षा कठोर असावी, तशीच ती अचूक आणि शीघ्र असावी. खेळाडूची उमेदीची वर्षे आठ-दहा असतात. सुनावण्यांत ती संपता कामा नयेत.

सुई कोणाच्या हातून येते?

येथे या विषयाच्या गाभ्याशी यावे लागते. दोषी नमुना खेळाडूचा असतो, बंदी खेळाडूला होते, छायाचित्र खेळाडूचे छापले जाते. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला मेथॅनडायनोन किंवा स्टॅनोझोलॉल ही नावे कोण शिकवतो? मात्रा कोण ठरवतो? स्पर्धेच्या किती दिवस आधी ती थांबवायची, हे गणित कोण करून देतो?

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या ४ बाय ४०० मीटर रिले संघाने सुवर्ण जिंकले, तेव्हा साऱ्या देशाने टाळ्या वाजविल्या होत्या. त्या चौघींपैकी तिघी २०११ मध्ये स्टिरॉइडच्या चाचणीत दोषी आढळल्या. चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्या प्रशिक्षकाने दिल्या, असे त्यांचे म्हणणे होते. युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते मायदेशी गेले. भारतीय समितीने मुलींना एक वर्षाची बंदी दिली होती. ती पुरेशी नाही म्हणून प्रकरण लवादाकडे गेले आणि २०१२ मध्ये ती दोन वर्षांची झाली. शासकीय शिबिरात, शासकीय खर्चाने, शासनाने नेमलेल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली राहणाऱ्या मुली पकडल्या गेल्या. कलंक मात्र एकट्या मुलींच्या कपाळी कायम राहिला.

भारोत्तोलनाची कथाही निराळी नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आपल्या दोन महिला भारोत्तोलक दोषी ठरल्या. २००९ मध्ये आणखी सहा जण सापडले आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय संघटनेला ५ लाख डॉलरचा दंड केला. एखादा खेळाडू चुकू शकतो; पण एकाच खेळात पुन्हा पुन्हा गटागटाने खेळाडू सापडतात, तेव्हा ती व्यवस्थेची चूक असते. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांना त्याची झळ क्वचितच लागते.

आणि हे विष आता स्पर्धेच्या मैदानापुरते उरलेले नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमीनचे इंजेक्शन व्यायामशाळांतून बेकायदा विकले जात असल्याचे प्रकार पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारवाईत उघडकीस आले आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला उतरणारे तरुण सुया टोचून घेतात, अशा बातम्याही वृत्तपत्रांत येऊन गेल्या. कारण उघड आहे. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीत क्रीडागुण आहेत. रेल्वे, सेनादले, पोलीस यांची दारे पदकाने उघडतात. हे सर्व योग्य हेतूने योजलेले आहे आणि ते चालूही राहिले पाहिजे. पण एका प्रमाणपत्रावर जेव्हा कुटुंबाची भाकरी अवलंबून असते, तेव्हा ते बनावट करणाराही उभा राहतो आणि ते मिळवून देणारी सुई विकणाराही. एक एकर कोरडवाहू जमिनीवर वाढलेल्या मुलाला चार महिन्यांत नोकरी मिळवून देतो, असे कोणी सांगितले तर तो मोह जिंकण्यासाठी फार मोठे मनोबल लागते. ते मनोबल त्याला देण्याची जबाबदारी आपली होती.

या द्रव्यांचा शरीरावर होणारा परिणाम सोसावा लागतो तो त्यालाच. स्टिरॉइडमुळे यकृत आणि हृदय यांना अपाय होतो. वाढीच्या वयात ती घेतली तर हाडांची वाढ अकाली थांबते. मुलींचा आवाज घोगरा होतो, पाळीचे चक्र बिघडते. मुलांमध्ये पुढे वंध्यत्व येऊ शकते. बंदी चार वर्षांत संपते. शरीराची ही शिक्षा मात्र जन्मभर पुरते.

राष्ट्राच्या नावाने केलेला अपराध

देशाचा गौरव वाढतो ना, मग मार्गाचा एवढा विचार कशाला, असे म्हणणारेही आढळतात. त्यांनी पूर्व जर्मनीचा इतिहास अवश्य वाचावा. त्या छोट्या साम्यवादी राष्ट्राने सत्तर-ऐंशीच्या दशकांत पदकांच्या राशी रचल्या. त्यामागे शासनानेच राबविलेली गुप्त योजना होती. किशोरवयीन मुलींना जीवनसत्त्वे म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जात आणि त्या स्टिरॉइडच्या असत. मुलींना ठाऊक नसे आणि आईवडिलांना तर नसेच. बर्लिनची भिंत कोसळल्यावर कागदपत्रे बाहेर आली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि क्रीडावैद्यक मानफ्रेड होपनर यांना दोषी ठरविले. आज ते राष्ट्र नकाशावर नाही. त्याच्या पदकांचा उल्लेख आदराने कोणी करीत नाही आणि त्या मुलींनी उरलेले आयुष्य रुग्णालयांत व न्यायालयांत घालविले.

रशियाचे उदाहरण अधिक ताजे आहे. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये भिंतीतील छिद्रातून रात्री नमुन्यांच्या बाटल्या बदलल्या जात होत्या, हे पुढे चौकशीत उघड झाले. परिणामी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत रशियाच्या खेळाडूंना स्वतःच्या ध्वजाविना आणि राष्ट्रगीताविना उतरावे लागले. सुवर्णपदक जिंकूनही आपले राष्ट्रगीत वाजू नये, याहून मोठी राष्ट्रीय मानहानी कोणती? ज्या ध्वजासाठी फसवणूक केली, तोच ध्वज त्या फसवणुकीमुळे खाली उतरला.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपण इच्छा व्यक्त केली आहे. यजमानपदाचा दावा करणाऱ्या राष्ट्राकडे जग प्रथम त्याचे मैदान किती भव्य आहे हे पाहील. पण त्यानंतर ते मैदान किती स्वच्छ आहे, हेही पाहील.

करावयाची कामे

पहिले काम कायद्याचे. संसदेने २०२२ साली राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक कायदा केला आणि २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती केली. 'नाडा'ला वैधानिक आधार मिळाला, झडती व जप्तीचे अधिकार मिळाले, हे स्वागतार्ह पाऊल होते. परंतु या दोहोंत द्रव्य पुरविणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद करण्यात आली नव्हती. प्रशिक्षकावर वा डॉक्टरवर आजीवन बंदी घालता येते. पण ज्याचा धंदाच सुया विकण्याचा आहे, त्याला खेळातील बंदीचे भय ते काय? जर्मनीने २०१५ साली कायदा करून अल्पवयीनांना अशी द्रव्ये देणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. अमेरिकेचा २०२० चा कायदा खेळाडूला बाजूला ठेवून कट रचणाऱ्यांना आणि पुरवठादारांना लक्ष्य करतो. भारतानेही हाच भेद पाळावा. खेळाडूला क्रीडाक्षेत्रातील बंदी पुरेशी आहे; त्याला तुरुंगात धाडून काही साधणार नाही. मुलांच्या हाती विष देणाऱ्याला मात्र गुन्हेगाराचीच वागणूक मिळाली पाहिजे.

दुसरे काम चौकशीचे. दोषी नमुना आढळला की त्या खेळाडूचा प्रशिक्षक, शिबिराचा डॉक्टर आणि संघटनेचा पदाधिकारी यांची चौकशी आपोआप सुरू व्हावी. एकाच प्रशिक्षकाचे अनेक शिष्य दोषी निघाले, तर त्याच्या पुरस्काराचा आणि मानधनाचा फेरविचार झालाच पाहिजे.

तिसरे काम खालच्या पातळीवरील चाचण्यांचे. गोव्यात २०२३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह पहिले स्थान मिळविले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याच स्पर्धेत देशातील काही खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडले, हेही खरे. अग्रेसर राज्य म्हणून महाराष्ट्राने जिल्हा आणि शालेय स्पर्धांत अचानक चाचण्यांचा पायंडा पाडावा. क्रीडागुण आणि आरक्षण यांचा लाभ देण्यापूर्वी त्या पातळीवर चाचणीची शक्यता निर्माण झाली, तरी निम्मा मोह नाहीसा होईल.

चौथे काम कोणत्याही शासनाचे नाही; ते घराचे आणि तालमीचे आहे. मुलगा व्यायामशाळेत जातो याचे कौतुक करताना तो कोणत्या डब्यातली भुकटी खातो, हे आईवडिलांनी विचारले पाहिजे. चार महिन्यांत अंग भरले, चेहऱ्यावर पुरळ आले, स्वभाव अकारण तापट झाला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. शाळेतील क्रीडाशिक्षकाने आणि वस्तीवरील कार्यकर्त्याने वर्षातून एकदा तरी या विषयावर मुलांशी मोकळेपणाने बोलावे. साधे सर्दीचे औषधही प्रतिबंधित यादीत असू शकते, खऱ्या आजारासाठी लागणाऱ्या औषधाची आगाऊ परवानगी घेता येते, एवढी माहिती तरी प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला असावी.

आपल्याकडे तालमीची परंपरा आहे. तेथे वस्ताद शिष्याला जोर-बैठकांबरोबर आहार आणि आचार यांचेही वळण लावीत असे. मातीत उतरण्यापूर्वी मातीला नमस्कार करण्याची रीत तेथलीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते लोकवर्गणीच्या बळावर. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या मल्लाने मिळवून दिले. ते कांस्य होते. पण त्या कांस्याकडे पाहताना सत्तर वर्षांनंतरही कोणाची मान खाली जात नाही. प्राचार्यांनी घर गहाण टाकले होते ते खाशाबांच्या मेहनतीवर आणि चारित्र्यावर विश्वास ठेवून.

येत्या दहा वर्षांत आपल्या मुलांना मोठमोठी मैदाने, परदेशी प्रशिक्षक आणि भरघोस पारितोषिके मिळणार आहेत. ती मिळावीत. त्यांच्याबरोबर हेही शिकविले जावे की, चाचणी पथक दारात आले असता जो पळत नाही, तोच खऱ्या अर्थाने शर्यत जिंकण्यास पात्र असतो. दिल्लीच्या मैदानावर त्या दिवशी एकटाच धावपटू उभा राहिला. पुढच्या वेळी आठही जण उभे राहतील, अशी परिस्थिती निर्माण करणे हे शासनाचे, संघटनांचे आणि आपणा सर्वांचे सामायिक कर्तव्य आहे.